मशीन शिकवणारा जर्मनीतला माणूस

सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा कंपनीच्या जर्मनीतल्या कारखान्यातून एक जुनं ग्राइंडिंग मशीन आमच्याकडे आलं. शिकवायला सोबत कोणी आलं नाही. ते काम ई-मेलवर व्हायचं ठरलं. इंटरनेट तेव्हा नवंच होतं. अख्ख्या कारखान्यात ते एकाच कॉम्प्युटरवर होतं, माझ्या टेबलावरच्या, आणि लाइन सारखी तुटायची.

मशीनवर पारनेरकडचे एक वयस्कर ऑपरेटर होते. मी त्यांना मामा म्हणायचे. सुरुवातीला शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, घासताना जळायचे, त्यांच्यावर काळे पट्टे उठायचे. मामा अडचण सांगायचे, मी मोडक्या इंग्रजीत लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याहून मोडक्या इंग्रजीत उत्तर यायचं. तिकडचा माणूस तरुणपणापासून त्याच मशीनवर उभा होता. आवाज चढला की हात कधी आवरायचा, तेसुद्धा तो लिहायचा. शब्द सापडला नाही की चित्र काढून फॅक्स करायचा. हळूहळू पट्टे कमी झाले.

एकदा मामा म्हणाले, "ताई, मशीन तर हिकडं आलं. मग तो आता काय करतो? इचारा की."

मी मेलच्या शेवटी विचारलं. उत्तर आलं : मला खिडकीपाशी एक टेबल दिलंय. तुमच्या प्रश्नांना उत्तरं देतो. तुमचे प्रश्न संपले की माझं काम संपेल.

मी ते मराठीत सांगितलं. मामा बराच वेळ हात पुसत राहिले.

त्यानंतर शाफ्ट आरशासारखे निघायला लागले, तरी मामा म्हणायचे, "अजून जळतंय, असं लिवा." मी लिहायचे. महिनाभर आम्ही खोट्या अडचणी पाठवल्या. त्याला कळलं असणारच. तरी तो पानपानभर उत्तरं द्यायचा.

मग साहेबांनी तपासणीचे कागद पाहिले. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "माल एक नंबर निघतोय आणि तू तक्रारी लिहितेस?" मशीन व्यवस्थित चालू आहे, असं त्यांनी स्वतःच तिकडे कळवलं.

आठवड्याभरानं मी त्याला ई-मेलवर पत्र लिहिलं, नुसतं आभाराचं. ते परत आलं. असा पत्ताच नाही, म्हणे.

कॅन्टीनमध्ये मामांना सांगितलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आपुनच घालवला त्याला," ते म्हणाले. मग विचारलं, "बायका-पोरं हायती का त्याला?"

मला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत आम्ही त्याला ते कधी विचारलंच नव्हतं. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, आणि मामा उठून मशीनकडे गेले.