उशीवरचं तेल

नोटाबंदीच्या वर्षी आमच्या ह्यांची झोप उडाली. नोटांमुळे नव्हे; नोटा आमच्याकडे होत्याच किती! हे डहाणू रोड ते तलासरी शेअर जीप चालवायचे आणि दिवसभर बिड्या ओढायचे. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर, मग अंगणात, मग पुन्हा बिडी. एकदा भरदुपारी तलासरीच्या वाटेवर त्यांचा डोळा लागला आणि जीप शेताच्या बांधावर चढली. माणसं वाचली. तेव्हापासून हे घरी येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

वापीला दिलेली नणंद लव्हेंडरच्या तेलाची बाटली घेऊन आली. "वहिनी, उशीवर दोन थेंब टाक. दादाला अशी सरस ऊंघ येईल, सकाळपर्यंत उठणार नाही, बघ."

मी थेंब टाकले. हे म्हणाले, "कसला वास? पाणी विकलं तिला कोणीतरी." मी दोनाचे चार केले, चाराचे दहा. घरभर दरवळ, मला दिवसाही जांभया; हे मात्र टक्क जागे.

मग एका संध्याकाळी मी पाण्याला गेले आणि चुलीवर भाजत ठेवलेल्या बोंबलांचा कोळसा झाला. वासानं शेजारीण धावत आली. हे चुलीकडे पाठ करून तिथेच बसलेले. जन्म मच्छीच्या घरात गेलेला, आणि करपलेला बोंबील कळला नाही! मला राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. म्हटलं, "नाकच बिडीनं मारलंय, तिथं तेल काय करणार? उद्या जीपची वायर जळाली तरी कळायचं नाही तुम्हाला. मागे माणसं बसलेली असतात."

सकाळी बिड्यांचं बंडल चुलीत गेलं, आणि जीप त्यांनी दोस्ताच्या हाती दिली.

पुढचे दिवस विचारूच नका. ह्यांना डाळ खारट, कोंबडा आगाऊ, माझं चालणंसुद्धा धपाधपा. झोप होती नव्हती तीही गेली. मी मात्र हट्टानं तेल टाकत राहिले.

एकदा अंथरुणाला पाठ टेकली आणि हे ताडकन उठून बसले. "अगं, काय फासलंस ह्या उशीला? न्हाव्याच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतंय!" उशी दाराबाहेर गेली.

मी तिथंच बसून रडले. हे गोंधळले. "आणू काय उशी परत?"

नको म्हटलं. त्या रात्री त्यांना झोप लागली की नाही, मला माहीत नाही. मी झोपले.