भाऊजींचं पोट भरतं तेव्हा

पोट भरणं म्हणजे नेमकं काय, हे अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकाच माणसाला कळलेलं आहे आणि ते कळण्यासाठी त्याला आधी पोट कापून घ्यावं लागलं. बाकी आपण सगळे ताट संपलं म्हणून, भाजी संपली म्हणून किंवा बायकोने डोळे वटारले म्हणून थांबतो. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, थांबण्याआधी डोळे मिटतात, छातीच्या जरा खाली हात ठेवतात आणि आतून काही निरोप येतोय का याची वाट पाहतात. निरोप आला की चमचा खाली. मग समोर प्रत्यक्ष अमृत आणून ठेवा, ते हात जोडून म्हणणार, "आता नाई जी. ऑफिस बंद झालं."

एकोडीला त्यांची धानगिरणी आहे आणि गिरणीमागे घरची धानाची शेती. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत हेच भाऊजी जेवणाच्या बाबतीत साकोली तालुक्याचं भूषण होते. लग्नाच्या मांडवात ते येऊन बसले की आचारी स्वतः बाहेर येऊन त्यांना पाहून जायचा आणि आत जाऊन आणखी एक पातेलं चुलीवर चढवायचा. पाटवडीचा रस्सा इतर लोक वाटीत घेत, भाऊजी तांब्या पुढे करत. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर ते ऑटोत बसले की ड्रायव्हर बाकीच्या सवाऱ्यांची वाट न पाहता निघायचा. ऐकायला हे सगळं मजेचं. पण गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी वजनाचं ऑपरेशन सांगितलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात हे गावात कळल्यावर लोक भेटायला आले ते एकच प्रश्न घेऊन, की कापलेलं पोट घरी देतात की दवाखान्यातच ठेवून घेतात. भाऊजी गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना सांगायचे, "ठेवून घेतलं त्याइनं. वापस मांगाले मले लाज वाटली."

ऑपरेशन भाऊजींचं झालं, पण त्याची कळ खरी सोसली ती ताईने. माझी ताई फार बोलणारी बाई नाही. तिला कोणाबद्दल माया वाटली की ती वाढते; जास्त माया वाटली की जास्त वाढते. संसारभर तिचं नवऱ्याशी जे काही बोलणं झालं ते असंच, हिने वाढायचं आणि त्यांनी खायचं. भाऊजी चार घासांत थांबू लागले आणि ताईला आपल्याच स्वयंपाकघरात परक्यासारखं वाटायला लागलं. अनारसे बंद झाले, उडदाचे वडे बंद झाले. विचारलं तर म्हणायची, "कोनासाठी करू, बाबू?" नवरा हलका झाला, सायकलवर बसू लागला, याचा तिला आनंद नव्हता असं नाही. पण उरलेला भात गाईपुढे टाकताना मी तिला पाहिलंय.

भाऊजींचं मात्र नवीन शास्त्र सुरू झालं होतं. कापडी पिशवीत एक लहान ताटली आणि लहान मुलांचा चमचा घेऊन ते गावोगाव फिरू लागले. कोणाच्याही घरी गेले की पानावर बसण्याआधी पिशवीतून आपली ताटली काढायची. आधी डाळ, अंडं, मासे असं काहीतरी दमदार खायचं, मग भाजी, आणि सगळ्यात शेवटी जागा उरली तर दोन चमचे भात. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावरही बराच वेळ नाही. आता आमच्या भागात पाहुण्याने पाण्याचा गिलास परत केला की घरधनी मनातल्या मनात जुनी भांडणं आठवू लागतो. आणि धानाच्या मुलखात भात शेवटी खाणं म्हणजे नवरदेवाला वरातीच्या शेपटाला चालवण्यासारखंच झालं. त्यातून हा माणूस गिरणीवाला! लवकरच साकोलीच्या बाजारात कुजबूज सुरू झाली, की गिरणीवाला स्वतः भात खात नाही, म्हणजे त्याच्या तांदळात काहीतरी आहे. गिऱ्हाईक फुटायला लागल्यावर भाऊजींनी गिरणीच्या दारात खुर्ची टाकली, वाटीत चिन्नोरचा, म्हणजे आमच्याकडच्या सुवासिक तांदळाचा, भात घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तो खायला बसले. खाणं इतकं सावकाश, की सकाळी धान टाकून गेलेले लोक तांदूळ न्यायला आले तरी वाटी अर्धीच. तरीही गिऱ्हाईक परत आलं. एवढ्या प्रेमाने भाताकडे पाहणारा माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

त्या चावण्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. घास तोंडात गेला की भाऊजी तो पार पाणी होईपर्यंत सोडत नाहीत. माझ्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही बपेऱ्याला गेलो होतो. आमच्याकडे पंगतीत मानाचा जावई उठल्याशिवाय कोणी उठत नाही, आणि त्या पंगतीत मानाचे जावई भाऊजी होते. सगळ्यांची जेवणं झाली. हात वाळले. भाऊजी चावताहेत. ते अजून बसलेत म्हणजे त्यांना अजून हवंय, असं समजून वाढपी जुन्या कीर्तीला स्मरून भाताची टोपली घेऊन पुन्हा आले आणि भाऊजींनी ताटलीवर हात धरल्यामुळे सगळा भात शेजाऱ्यांना वाढून गेले. दुसऱ्या पंगतीची माणसं पाठीमागे येऊन उभी राहिली. शेवटी नवरीच्या मामांच्या मनात आलं, की जावई रुसले. अर्धी ताटली, पाण्याला नकार, आणि उठायचं नाव नाही, याचा दुसरा अर्थ तरी काय लावणार? ते धावत जाऊन मानाची दुपट्टा-टोपी घेऊन आले, भर पंगतीत भाऊजींच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि हात जोडून म्हणाले, "काई चुकलं असन त पदरात घ्या, पन उठा जी आता!" भाऊजींनी टोपी नीट बसवली, घास गिळला आणि शांतपणे म्हणाले, "रुसलो नाई जी. चावून राहिलो."

पण मला सगळ्यात आवडायचं ते त्यांचं पोटाशी चाललेलं बोलणं. हॉटेलात जिलबी दिसली, भूक चाळवली, की ते कोपऱ्यात उभे राहून पोटालाच विचारत, "उकडलेलं अंडं खाता का, साहेब?" साहेब हो म्हणाले तर भूक खरी. साहेबांनी अंड्याला नाक मुरडलं आणि जिलबीचाच हट्ट धरला तर ती भूक पोटाची नाही, मनाची. मग ते मनाला घेऊन तलावाच्या पाळीवरून चक्कर मारून येत. मी एकदा त्यांना विचारलं, की पूर्वी एवढं जेवायचात तेव्हा पोट भरलंय हे कळायचं नाही का? ते म्हणाले, "कळाले टाइम त भेटला पायजे ना गा, साळेबुवा. तो निरोप पायी पायी येते. तो येईपर्यंत माह्यं तिसऱ्यांदा वाढून झालेलं राहे."

अशी बरीच वर्षं गेली. गाव सरावलं, आम्ही सरावलो. आणि मग हळूहळू, कोणाच्या ध्यानात येण्याआधी, भाऊजींची भूक परत आली.

पहिल्यांदा ते मला कळलं ताईच्या फोनवरून. तिचा आवाज असा, की जणू घरात लग्नच ठरलंय. "बाबू, आज त्याइनं दुसऱ्यांदा भात मांगला!" पुढच्या महिन्यात मी गेलो तर घरभर तळणाचा वास. अनारसे परत आले होते, वडे परत आले होते आणि ताई चुलीपुढे गुणगुणत होती. भाऊजी पिशवीतली ताटली विसरून मोठ्या ताटात जेवत होते. मला ते पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी गिरणीवर आम्ही दोघंच होतो तेव्हा त्यांनी सांगितलं, की वजन वाढतंय, साखर परत दिसायला लागली आहे. नागपूरला आहार सांगणाऱ्या बाईंनी साफ सांगितलंय, की ऑपरेशनने काही वर्षं मदत केली, आता भूक परत येणारच. पोट भरतं कसं हे पुन्हा पहिल्यापासून शिका, नाहीतर गेलेलं सगळं परत येईल. मी म्हटलं, "मग ताईला सांगा ना सरळ." भाऊजींनी धानाची मूठ हातात घेतली आणि पोत्यात सोडून दिली. "कसं सांगू गा? इतक्या वर्षानं हासली थे. मी ताट सरकवलं का तिचा चेहरा उतरते. भुकेले मी नाई भेत. तिच्या चेहऱ्याले भेतो."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर दुकानं, पाळणे, दंडारीचे नाच, रात्री नाटक, आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुण्यांचा पूर. एकोडीच्या मंडईला मी दरवर्षी जातो. त्या दिवशी ताईने मटणाचा रस्सा, उडदाचे वडे आणि चिन्नोरचा भात असा बेत केला होता. भाऊजींचे लाखनीचे आतेभाऊ आले होते. तरुणपणी पंगतीत भाऊजींशी पैजा लावून जेवलेला आणि अजूनही तेवढाच उत्साह असलेला माणूस. भाऊजींचं ताट रिकामं दिसल्याबरोबर त्यांनी स्वतः उठून भाताचं पातेलं उचललं. "आता भूक परत आली म्हन्ते! मंग कायले लाजतेस? घे!"

भाऊजींनी डोळे मिटले, छातीखाली हात ठेवला. मला दिसत होतं, आतून निरोप आला होता. मग त्यांनी डोळे उघडून ताईकडे पाहिलं आणि हात बाजूला घेतला. भात पडणार तेवढ्यात ताई उठली. जिने आयुष्यात कोणाच्या ताटावर पळी थांबवली नाही, उलट नको नको म्हणणाऱ्यांच्या बोटांवरून वाढलं, त्या माझ्या ताईने भर पाहुण्यांत पातेल्याचा काठ धरला. "नोका वाढू त्याइले. त्याइचं पोट भरलं."

आतेभाऊ हसले, त्यांना चेष्टा वाटली. ताईने पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि आत गेली. मी मागोमाग गेलो. ती पातेलं ओट्यावर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी होती. "पँटची शिलाई उसवून आनली त्याइनं, मले न सांगता," ती म्हणाली. "झोपेत पुन्हा श्वास अटकते. मले का दिसत नाई, बाबू? पन त्याइनं भात मांगला ना, त मले असं वाटे, का मीच त्याइले पायजे." आणि मग ती रडली. मी पातेल्यावर झाकण ठेवलं. दारात भाऊजी येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं पोटाशी एवढं बोललेला माणूस आता बायकोशी बोलायला आत आला. म्हणाले, "रस्सा आज बेस झाला होता. लसून भाजून टाकलं होतं ना?" ताईने पदराने डोळे पुसले आणि मान हलवली.

आता एकोडीला गेलं की ते दोघं समोरासमोर जेवायला बसलेले दिसतात. पूर्वी भाऊजी जेवून उठल्यावर ताई बसायची. आता भाऊजींचं चावणं संपेपर्यंत तिचं सगळं आवरून होतं, तेव्हा तीही आपलं ताट घेऊन तिथेच बसते. भाऊजी एकेका घासाला फोडणीची, मिठाची, धने किती भाजले याची चौकशी करतात. ताई पहिल्यासारखी गुणगुणत नाही. कधी कधी सवयीने तिची पळी उचलली जाते, हवेत थांबते आणि परत पातेल्यात जाते. मग ती विचारते, "भरलं का जी?" उभ्या संसारात या प्रश्नाला तिला 'नाही' हेच उत्तर हवं असायचं. आता ती हातातला घास हातातच धरून त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहते, आणि ते "हो" म्हणाले की मगच तो तोंडात घालते.