मास्टरखाली काय लिहिलंय?

अच्युतन माषच्या दारावरून गेलं की आतून दोन आवाज यायचे. एक कॉम्प्युटरच्या मशीनचा, पत्र्यावर खडे पडल्यासारखा भराभर, आणि दुसरा त्यांच्या बायकोचा, विलासिनीचेचीचा, त्या मशीनला नावं ठेवणारा. इथं ताईला चेची म्हणतात. आमचं घराणं विट्याकडचं, सोनं गाळायला केरळात पय्यन्नूरला आलेलं. लग्न होऊन मी इथं आले ती इथलीच झाले, आणि माषची शेजारीण म्हणून जन्म काढला. आम्ही भांडायचो मल्याळममध्येच. इथं सांगते ते माझ्या मराठीत.

माष जन्मापासून आंधळे. सरकारी शाळेत मुलांना इतिहास शिकवायचे, म्हणून माष, म्हणजे मास्तर. इथल्या शाळांत मशीनं आली ती लिनक्सची, आणि त्यात पडदा वाचून दाखवणारा आवाजही असतो असं कळल्यावर माष जे त्या मशीनपुढं बसले ते उठलेच नाहीत. रिटायर झाले तरी फोन वाजतच असायचा. कासरगोडपासून कोल्लमपर्यंतची आंधळी माणसं विचारायची, माष, वायफाय दिसत नाही, माष, प्रिंटर कागदच घेत नाही. माष शांतपणे ऐकायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "तुला काय वाटतं ते नको सांगूस, बाबा. मशीन काय म्हणतंय ते अक्षर अन् अक्षर सांग."

पण त्यांचं स्वतःचं मशीन कधीमधी मुकं व्हायचं. अपडेट टाकलं की हटकून. तुमच्या-माझ्या मशीनचा आवाज गेला तर फार तर गाणी जातात. माषच्या मशीनचा गेला की पेपर गेला, पत्रं गेली, फोनवरच्या माणसांना द्यायची उत्तरं गेली, सगळंच गेलं. मग हाक यायची, "विलासिनीऽ!" चेची पुट्टूचं भांडं तसंच चुलीवर टाकून, नायटीला हात पुसत यायची आणि शेजारच्या स्टुलावर बसायची. माष बोटांच्या सवयीनं आज्ञा टाइप करायचे, पडद्यावर आवाजाच्या उभ्या पट्ट्या यायच्या, त्यातली मुख्य ती मास्टर, आणि माष विचारायचे, "मास्टरखाली काय लिहिलंय?"

दोन शून्यं असली तर आवाज उघडा. दोन एम असले तर बंद, आणि मग एमचं बटण दाबलं की उघडतो. एवढंच. चेची दहावीपर्यंत शिकलेली, पण हे वाचायला कितीसं शिक्षण लागतं? मशीन बोलायला लागलं की ती माषला म्हणायची, "याचं तोंड उघडायला बटण आहे. तुमचं बंद करायला कुठलं आहे ते एकदा सांगून ठेवा." माष खो खो हसायचे. खरं सांगते, नवरा-बायको एका पडद्यापुढं इतकी जवळ बसलेली मी दुसरीकडं बघितली नाहीत. मला हेवा वाटायचा.

गेल्या वर्षीच्या ओणमनंतर परत तेच झालं. अपडेट टाकलं, मशीन मुकं. माषनी विचारलं, चेचीनं सांगितलं, "दोन शून्यं."

म्हणजे आवाज उघडा आहे, दोष दुसरीकडं कुठंतरी आहे. झालं! माषनी स्पीकर बदलला. वायरी काढल्या, घातल्या. मशीन दहादा बंद-चालू केलं. आवाजाचे सगळे प्रोग्राम उपटून परत बसवले. दरवेळी चेचीला बसवायचं, दरवेळी तेच, "दोन शून्यं." आठवडा गेला. फोन करणाऱ्यांना माष सांगायचे, "माझंच मशीन आजारी आहे, नंतर कर." जेवण तुटलं त्यांचं. शेवटी एका दुपारी त्यांचं ओरडणं माझ्या घरात ऐकू आलं, "नीट बघ! डोळे आहेत ना तुला?"

"बघतेय की," चेची म्हणाली. आवाज इतका बारीक की मला राहवेना. हातातलं काम टाकून मी तरातरा गेले.

"अहो माष, त्या बाईला कशाला झापताय? मशीन तुमचं, अपडेट तुम्ही टाकलं, आणि बोलणी तिनं खायची? सरका. मी वाचते."

"वाच तर," माष फणकाऱ्यानं म्हणाले. "मास्टरखाली काय लिहिलंय?"

मी वाकले. ठळक होतं, लहान पोरानंही वाचलं असतं. "दोन एम," मी म्हणाले.

बोलून गेले आणि मग चेचीकडं बघितलं. ती पडद्याच्या भलत्याच कोपऱ्याकडं बघत होती, आणि हसत होती, पाहुण्यांसमोर हसतात तशी. माषचा हात बटणांवर तसाच थांबला. मग त्यांनी एम दाबलं. मशीन लगेच बोलायला लागलं, भराभर, काहीच झालं नसल्यासारखं. आम्हा तिघांत कुणालाच आनंद झाला नाही.

चेची माझ्यामागून विहिरीपाशी आली. माझा हात धरून म्हणाली, "मोळे, पोरी, मी मुद्दाम नाही गं केलं. अक्षरं समोर असतात, पण जुळतच नाहीत. कधीपासून झालंय. चष्मा बदलून बघितला. मागं जे असायचं ते आठवून सांगत होते. माषना काय सांगू? आता माझेही डोळे गेले म्हणून सांगू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाजारात बसची पाटी वाचायला ती मला पुढं का करायची, माषना आलेलं टपाल वाचून दाखवणं का बंद झालं होतं. मी विहिरीच्या कठड्यावर बसून रडले. चेचीच माझी पाठ थोपटत होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे. वाचणं आधी गेलं, बाकीचं मागून जाईल. औषधं आहेत, पण उतारा नाही. माष पायरीवर बसून मला म्हणाले, "मी मशीनची एक न् एक गोष्ट तपासली गं. वायरसुद्धा तपासली. हिच्यावर शंका घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही." आणि मग त्या म्हाताऱ्याचा बांध फुटला. मी काय समजूत घालणार, कपाळ!

मला वाटलं, आता स्टूल रिकामं राहणार. पण थोड्याच दिवसांत परत हाक ऐकली, "विलासिनीऽ! आवाज गेला बघ. येतेस?" माझं डोकंच फिरलं. सगळं कळून परत हिला राबवतात! भांडायच्या तयारीनंच मी त्यांच्या खिडकीशी गेले.

मशीन छान बोलत होतं. चेचीची पावलं स्वयंपाकघरातून निघाली तशी माषनी एमचं बटण दाबलं आणि त्याचं तोंड बंद केलं. चेची हात पुसत आली, स्टुलावर बसली. "मास्टरखाली काय लिहिलंय?" "दोन शून्यं." "शाबास. तू नसतीस तर माझं काय झालं असतं?" ती लाजली. ती उठून गेल्यावर त्यांनी एम दाबून आवाज परत उघडला. मी भांडले नाही. तशीच घरी आले.

मग रोजचंच झालं ते. ओणम परत आला तोवर चेचीला माझं नावही आठवेनासं झालं होतं, पण हाकेला ती उठायची. परवा मी पायसम घेऊन गेले होते. माषनी आवाज बंद केला, तिला हात धरून बसवलं आणि विचारलं, "मास्टरखाली काय लिहिलंय?"

चेची पडद्याकडं बघत राहिली. घाबरून तिनं माषचा दंड धरला आणि म्हणाली, "मला नाही येत. तुम्हीच वाचा ना."

माषनी तिचा हात आपल्या हातात घेतला, पडद्याकडं तोंड केलं आणि एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवलं. "दोन शून्यं. तू सांगत होतीस तेच लिहिलंय."