विंच ठरेपर्यंत

लिहिता येणाऱ्यांचं बरं असतं. गोष्ट कागदावर उतरवली, की डोकं रिकामं. मला अक्षर येत नाही, म्हणून माझ्याकडे सगळं साठून राहतं. कोण काय बोललं, कुठल्या खुर्चीवर बसून बोललं, चहात साखर किती घेतली होती, सगळं. त्यात आमच्या नगरा मोहल्ल्यातल्या घराच्या पडवीत गेलं वर्षभर तीन शहाणे बसत होते. तेवढ्यांचेच किस्से सांगते. नातसून लिहून घेत्ये. तिला म्हटलंय, नवऱ्याचं आहे म्हणून काही गाळायचं नाही.

तीन शहाणे म्हणजे माझा नातू मंदार, रेल्वेत इंजिनिअर. त्याचा दोस्त चौबे, दातांचा डॉक्टर. आणि सदर बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेला गज्जू. तिघांना मिळून खूळ एकच, चारी चाकं ओढणारी जीप.

जीप घेतली मंदारनं, निमित्त मात्र माझं. माझी थोरली बहीण आक्का बेतवा नदीपलीकडच्या गावात राहायची. तिचं सासर जुनं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. गावाच्या अलीकडे नाला आहे, त्यावरचा पूल वाहून गेला तो गेलाच. माझ्या खुब्यात रॉड, मोटरसायकलवर बसवत नाही. आणि आक्काला फोनवर काही ऐकू यायचं नाही. समोर बसलं, की ओठ बघून सगळं कळायचं. म्हणजे भेटलो तरच बोलणार. तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

मंदारनं दसऱ्याला जीपला हार घातला आणि म्हणाला, "आजी, पुढच्या रविवारी आक्काआजीकडे."

चौबे गाडीभोवती एक फेरी मारून आला. "अम्माजी को लेकर? बिना विंच के?"

विंच म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवायचं दोराचं रीळ, मोटरवर फिरणारं. गाडी रुतली, की दोर समोरच्या झाडाला बांधायचा, बटण दाबायचं. गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते.

"बरोबर आहे," मंदार म्हणाला. "आजीची रिस्क नको."

अशी माझ्या काळजीनं सुरुवात झाली. दुश्मनानं अडवलं असतं, तर इतका वेळ लागला नसता.

*

आधी विंचची ताकद ठरवायची होती. गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढेल अशी हवी म्हणे. गाडीचं वजन कागदावर होतं, पण गज्जू म्हणाला, "कागज़ पे तो खाली गाड़ी का है. हम क्या खाली जाएँगे?"

एका रविवारी मंदार म्हणाला, "आजी, तयार हो." मला वाटलं, निघालो. चांगली साडी नेसले, आक्कासाठी बेसनाचे लाडू डब्यात भरले, डबा मांडीवर घेऊन मागे बसले.

गाडी थांबली ती गल्लामंडीबाहेर, जिथं गव्हाचे ट्रक वजन करतात त्या काट्यावर. मी उतरायला लागले, तर काटेवाला खिडकीतून ओरडला, "अम्मा, बैठी रओ, अबै तौल नईं भई."

बसले. वजन झालं, चिठ्ठी मिळाली, गाडी घराकडे वळली. हातातला डबा बघून चौबे म्हणाला, "अच्छा हुआ, सामान का भी आ गया."

त्या गाडीत मी पहिल्यांदा बसले ती सवारी म्हणून नव्हे, माल म्हणून. लाडू तिघांनी पडवीत खाल्ले.

*

मग दोर. लोखंडी तारेचा घ्यायचा की नायलॉनसारखा तो नवीन? मंदार तारेच्या बाजूचा, चौबे नवीनच्या. गज्जू दोघांच्या. हे संक्रांतीपासून होळीपर्यंत चाललं.

आमचे हे रेल्वेच्या ब्रेकडाऊन गाडीवर खलाशी होते. घसरलेला डबा ओढताना तार तुटली, तर कशी उलटी फिरते, ते त्यांच्या गालावर कानापर्यंत लिहिलेलं होतं. तेवढं मला वाचता येत होतं. म्हणून म्हटलं, "तार घेणार असाल, तर ओढताना तिच्यावर जुनी गोधडी टाका. तुटली, तरी उसळत नाही."

गज्जू हसला. "अम्मा, वो ज़माना अलग था."

आठ दिवसांनी तिघं मोबाईलमध्ये डोकी घालून बसले होते. कुठला तरी गोरा माणूस दोरावर काहीतरी टाकत होता. मंदार म्हणाला, "हे लागेलच. सेफ्टी आहे." दुसऱ्या आठवड्यात खोक्यातून आलं. मी हात लावून पाहिलं. जाड कापड, आत भरलेलं, कडेनं शिवण.

गोधडी परदेशातून आली, की तिला दोर पेलवतो.

*

उन्हाळा आला. मी म्हटलं, "नाला आटला असेल. आता कसली विंच? चला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा पटला होता. चौबे म्हणाला, "सही बात है. सूखे नाले में विंच का क्या काम. मतलब जल्दी नहीं है, आराम से चुनते हैं."

मंदार म्हणाला, "आणि आजी, असल्या उन्हात तू कुठं निघालीस?"

पावसात पाणी होतं म्हणून नाही, उन्हात पाणी नव्हतं म्हणून नाही. वर्षाला तिसरा ऋतू असतो, तो निवडीत गेला.

*

आक्काचा मुलगा वसंत. त्याचा फोन श्रावणात आला. म्हणाला, "मावशी, आई रोज विचारते, ती माझ्यावर रागावली का रे? मी येतो नाल्यापर्यंत ट्रॅक्टर घेऊन. ट्रॉलीत खाट टाकतो, गादी घालतो. तुला हलू देणार नाही."

मंदारनं फोन माझ्या हातातून घेतला. "काका, ट्रॉलीत? आजीला? घरात एवढी गाडी असताना? थोडं थांबा. नाल्यात गाडी अडकली, तर ओढायला काही नको का? तेवढं झालं, की आलोच."

वसंत म्हणाला, "बरं, तसं सांगतो आईला."

इथपर्यंत सगळं त्या तिघांवर ढकलून झालं. आता माझं. मंदारनं फोन ठेवण्याआधी माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी मान हलवली होती. लग्नात आक्का बग्गीतून गेली होती, मी बैलगाडीतून. जन्मात एकदा तिच्या दारात गाडीतून उतरावं, असं माझ्या मनात होतं. ट्रॉलीतून नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लिही गं.

*

विंच दिवाळीनंतर आली. तिघं बसवायला गेले, तर गाडीचा बंपर आड आला. बंपर बदलला, तर बॅटरी कमी पडायला लागली. बॅटरी बदलली. मग गाडीचं नाक इतकं जड झालं, की पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या. मी विचारलं, "वजन वाढलं, तर आता विंच पुरेल का?"

तिघांनी पुन्हा कागद-पेन्सिल काढली. माझं चुकलंच. मी विचारायला नको होतं. त्यानंतर आणखी एक महिना गेला.

शेवटी तिघं टेस्ट करायला लक्ष्मी तालाच्या काठी गेले. आधी गाडी अडकायला तर हवी. चिखलात घातली, निघाली. जास्त चिखलात घातली, निघाली. गज्जूनं उतरून चाकाखाली फावड्यानं खणलं, तरी निघाली. देवळातून येणाऱ्या एका बाईनं थांबून विचारलं, "भैया, कछू गिर गओ का?"

संध्याकाळी तिघं तोंडं पाडून आले. मंदार म्हणाला, "टेस्ट झालीच नाही. पुढच्या रविवारी दुसरीकडे बघू."

*

त्या रविवारच्या आधी गुरुवारी सकाळी वसंतचा फोन आला. या वेळी तो मंदारशीच बोलला. आक्का पहाटे झोपेतच गेली होती. "मावशी येईपर्यंत उचलत नाही," म्हणाला.

अर्ध्या तासात निघालो. चौबेनं दवाखाना बंद ठेवला, गज्जूनं दुकान. नाला दिसल्यावर गज्जू सवयीनं पुढे वाकला आणि बांधायला झाड कुठं आहे, ते बघायला लागला.

पाणी घोट्याएवढं होतं. खाली वाळू, वर गोटे. गाडी शिरली आणि निघाली. पाणी पिणारी एक म्हैस होती, ती बाजूलासुद्धा झाली नाही.

पलीकडच्या चढावर वसंत उभा होता, अनवाणी. वाटेतच एक प्लास्टिकची खुर्ची होती, महुआच्या सावलीत, नाल्याकडे तोंड करून. खुर्चीवर विहिरीचा सुंभाचा दोर, नीट गुंडाळून ठेवलेला. गाडी जायला जागा हवी म्हणून गज्जू उतरला, दोर उचलला, खुर्ची बाजूला करायला लागला.

वसंत म्हणाला, "भैया, रहने दो." मग माझ्या खिडकीशी आला.

"आईची आहे, मावशी. तुमची गाडी नाल्यात अडकेल, असं मी सांगितलं होतं ना तिला. श्रावणापासून रोज चार वाजता दोर घेऊन इथं बसायची. म्हणायची, तिच्याकडे ओढायला काही नाहीये."