रडून मिळालेलं परमिट

आईने मला नदीपलीकडे दिलं ते मुलगा पाहून नव्हे, ट्रक पाहून. आम्ही बंजारे. आजोबांच्या काळात आमचा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरे आणि बैलाला कोणी नंबर विचारत नसे. माझ्या सासरी, पांढरकवड्याकडे, मात्र ट्रक होता. सरकीची ढेप घेऊन तो दर आठवड्याला पैनगंगेचा पूल ओलांडायचा आणि आमच्या तांड्यावरून आदिलाबादेला जायचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आईला म्हणाले, "कायले चिंता करता? मनात आलं की पोरगी गाडीत बसून येईन." आईने तेवढ्यावर हो म्हटलं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. छप्पनच्या नोव्हेंबरात सरकारने राज्यं नव्याने वाटली. सासर मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, माहेर हैदराबादेतून आंध्रात. आई आणि मी, दोघीही जागच्या हललो नव्हतो. ट्रकला पलीकडे जायचा परवाना जुन्या दोन राज्यांनी आपसात ठरवलेला; ती राज्यंच उरली नाहीत, तर परवाना कुठून उरणार? पुलाच्या माहेरकडच्या टोकाला नाका होता, तिथे गाडी अडवू लागले. इकडे चालवायची तर इकडची नोंदणी करा, म्हणाले. सासरकडच्या कचेरीने बजावलं की तिकडे नोंदवली तर इथे चालवता येणार नाही. मी सातवी शिकलेली, म्हणून अर्ज लिहिणं माझ्याकडे आलं. 'आपला नम्र' इतक्यांदा लिहिलं की नम्रपणाचा मला कायमचा कंटाळा आला. घरचे अजून ते बोलून दाखवतात.

पहिलटकरीण म्हणून मला सातव्या महिन्यात माहेरी पोचवायचं होतं, तेव्हाही उत्तर आलेलं नव्हतं. कोणीतरी बसचा सल्ला दिला. मामाजी भडकले. "घरची गाडी उभी ठेवून सुनेले तिकीट काढून पाठवू काय? चाल, पाहू कोण अडवते." आणि रिकामी गाडी कशाला न्यायची म्हणून मागे ढेपेची पोतीही भरली.

नाक्यावर अडवलंच. शिपायाने कागद पाहिले आणि आडवा बांबू आडवाच ठेवला. निरोप मिळाल्यामुळे आई तिथवर चालत आली होती. मी उतरले आणि आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो.

आता आमच्यात बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळामिठी घालून, चालीवर, मोठ्याने रडतात. कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, गाय व्याली की नाही, सगळं त्या रडण्यातच सांगायचं. आनंद जितका मोठा तितका आवाज चढा. त्या दिवशी आम्ही हातचं काही राखलं नाही. शिपायाला आमची बोली कळत नव्हती. त्याला वाटलं, घरात मयत झालं. त्याने हात जोडले, बांबू वर केला आणि हळूच म्हणाला, "जाओ अम्मा, जल्दी जाओ." मामाजींच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी चेहरा पाडला आणि गाडी सुरू केली. ढेपेची पोतीही सुतकात पार झाली.

बाळंतपण होऊन मी परतल्यावर मामाजी दर दोन-तीन महिन्यांनी मला आपणहून माहेरी नेऊ लागले, अर्थात मागे पोती लादून. आई नाक्यावर यायची, आम्ही रडायचो, बांबू वर जायचा. "माही सून म्हणजे माहं परमिट," असं ते चारचौघांत सांगत. मला राग यायचा, पण आई भेटायची. चार-पाच मयतांनंतर शिपायालाही उमगलं असणार. त्याने कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही.

साठ साली महाराष्ट्र झाला, नंबराची पाटी पुन्हा रंगवून घेतली. पुढे कधीतरी, एकदाचा, दोन्ही राज्यांना मान्य असलेला परवाना आला. मामाजींनी त्याला हळदकुंकू लावलं.

त्या परवान्यावर मी पहिल्यांदा गेले ती आई गेल्याचा निरोप आला म्हणून. नाक्यावर तोच शिपाई होता. मामाजींनी कागद पुढे केला. मी मान खाली घालून रडत होते, चालीवर नव्हे, नुसतीच. त्याने कागद वाचला, बांबू वर केला आणि खिडकीशी येऊन ओळखीचं हसला.

"अब कायकू रोते अम्मा? अब तो कागद पक्का है."