काउंटची वारसनोंद

माझे सासरे तलाठी होते. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांमध्ये कोण वारलं, मागे कोण राहिलं आणि सातबाऱ्यावर आता कुणाचं नाव लावायचं, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्यानंतर आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, टार्निटला आमच्या घरी आणलं. तिसऱ्या आठवड्यातच ते इतके कंटाळले, की रिसायकलिंगच्या डब्यातून सुपरमार्केटची पत्रकं काढून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला लागले.

आमच्या शेजारी एक गृहस्थ एकटेच राहायचे. आयुष्यभर शाळेची बस चालवून नुकतेच रिटायर झालेले, कडाक्याच्या थंडीतही हाफपँटमध्ये. त्यांचं आडनाव फ्रेंच होतं, पण ते त्याचा उच्चार असा करायचे की ते टायरच्या एखाद्या कंपनीचं वाटावं. एका शनिवारी सकाळी ते हातात पाकीट घेऊन आमच्या दारात आले.

"तू कम्प्युटरवाली ना? हे खरं आहे की कुणी मला गंडवतंय, बघ जरा," ते मला म्हणाले.

पत्र फ्रान्समधल्या एका वृद्ध बाईंचं होतं, सोबत इंग्रजी भाषांतर. त्यांचे काका निपुत्रिक वारले होते. हे काका त्यांच्या गावाचे काउंट. ही पदवी मध्ययुगातल्या कुठल्याशा राजाने त्यांच्या पूर्वजाला दिलेली आणि सनदेप्रमाणे ती फक्त पुरुषांच्या वंशात चालत आलेली. घराण्यातला एक धाकटा मुलगा फार पूर्वी आमच्या इकडे व्हिक्टोरियात येऊन स्थायिक झाला होता. तो आमच्या शेजाऱ्यांचा पणजोबा. कागदपत्रं जुळली तर पुढचे काउंट तुम्ही, असं बाईंनी लिहिलं होतं.

"किल्ला वगैरे आहे का?" मी विचारलं.

"काही नाही. सगळं केव्हाच विकलं गेलंय. फक्त नाव."

बाबा, म्हणजे माझे सासरे, सोफ्यावरून ऐकत होते. मी त्यांना सगळं मराठीत सांगितलं, तसे ते ताठ बसले. "वतन गेलं, मान राहिला," ते म्हणाले. "हे सरळ वारसनोंदीचं प्रकरण आहे. चष्मा कुठंय माझा?"

पुढचा महिनाभर दुपारी दोन वाजले की बाबा पायात बूट चढवून शेजारी जायचे. घरून काम असेल त्या दिवशी मीही डोकावायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या कॅलेंडरची पाठ पसरलेली असायची आणि तिच्यावर बाबा पट्टी धरून वंशावळ आखत असायचे. त्यांचं इंग्रजी त्या कामापुरतं होतं. "फादर डाइड व्हेन? ब्रदर्स हाउ मेनी? सिस्टर्स हाउ मेनी?"

शेजाऱ्यांची एक थोरली बहीण बॅलरॅटला होती. बाबांनी तिचं नाव पहिलं लिहिलं.

"नो, मेट. यात मुली धरत नाहीत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बहिणीने हक्क सोडलाय का? तसं लिहून दिलंय?"

"लिहून द्यायला तिला हक्कच नाही, बाबा. तिकडचा नियम आहे."

"न विचारताच?" एवढं बोलून त्यांनी ते नाव तसंच ठेवलं. गावाकडे एखादी बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला आली की बाबा तिला भावापासून लांब खुर्ची द्यायचे आणि सगळा कागद स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचे. काहीजणी वाचन संपल्यावर सही न करताच उठून गेल्या, असं सासूबाई सांगायच्या. त्यावरून बाबांची एकदा बदलीही झाली होती म्हणे.

इकडे शेजाऱ्यांच्या अंगात काउंट संचारला. बोलिंग क्लबातले दोस्त त्यांना लवून मुजरा करायला लागले, यांनी जवळच्या वेरिबीतून एक निळा ब्लेझर आणला. खाली हाफपँट होतीच. मला म्हणाले, "मी काउंट झालो की तुझ्या सासऱ्यांना काय करू? ड्यूक करता येतं का?"

मग मागवलेले जुने दाखले ईमेलने आले. मी प्रिंट काढून बाबांकडे दिले आणि मीटिंगला बसले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"अगं, इकडे ये जरा. हे जहाज केव्हाचं?"

पणजोबा ज्या जहाजाने आले त्याच्या प्रवाशांची ती यादी होती. तिच्या बाजूला शेजाऱ्यांच्या आजोबांचा जन्मदाखला. मी दोन्हींवरच्या तारखा वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. मूल इकडे जिलाँगला जन्मलं तेव्हा त्याचा बाप अजून फ्रान्समध्येच होता. जहाज बंदराला लागलं तेव्हा पोरगं दोन वर्षांचं झालेलं. बाबांनी तिसरा कागद पुढे सरकवला, पणजोबांच्या लग्नाचा. त्यात वधूपुढे 'विधवा' असं लिहिलं होतं.

"पहिल्या नवऱ्याचं पोर," बाबा म्हणाले. "या भल्या माणसाने त्याला आपलं नाव दिलं."

"बाबा, सांगायला नको. जमीन नाही, जुमला नाही, कुणाचं काय बिघडणार आहे? किती खूश आहेत ते."

"एक नाव चुकीचं लागलं की दुसरं कुणाचं तरी राहून जातं. ते माणूस आपल्याला इथून दिसत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच शेजाऱ्यांना सांगितलं. मी नुसती बाजूला उभी होते. शेजाऱ्यांनी तिन्ही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि एकेका तारखेवर बोट ठेवत वाचले.

"म्हणजे त्याने दुसऱ्याचं पोर सांभाळलं," अखेर ते म्हणाले.

"दत्तक," बाबा कळवळून म्हणाले. "इंडिया, फुल राइट! हंड्रेड परसेंट!"

"फ्रेंचांना कळवा ते," शेजारी म्हणाले आणि कसनुसं हसले.

चार दिवस ते दिसले नाहीत. त्यांच्या लॉनमोअरचा आवाज नाही, रेडिओ नाही. बाबा दर तासाला कुंपणापर्यंत जाऊन यायचे. चहा गार करून प्यायचे. "मी घाई केली का गं?" असं एकदा त्यांनी मला विचारलंही. पाचव्या दिवशी दुपारी शेजारी आपण होऊन आले, केकचा डबा घेऊन.

"बहिणीला घेऊन जिलाँगच्या दफनभूमीत गेलो होतो, पणजोबांना बघायला," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी गेलोच नव्हतो. थडगं शोधायला तासभर लागला. आजोबांना त्यांच्या शेजारीच पुरलंय." डबा टेबलावर ठेवत म्हणाले, "त्या बाईंना खरं सांगून टाकू या."

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. करड्या स्वेटरमधल्या बाई जपून, शब्द निवडून इंग्रजी बोलत होत्या. शेजाऱ्यांनी काही न लपवता सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि आभार मानले. "मग संपलं," त्या म्हणाल्या. "आमच्या वंशात आता कुणी पुरुष उरला नाही."

बाबांनी माझ्या कोपराला हात लावला. "विचार, वारलेल्या माणसाला सगळ्यात जवळचं कोण?"

मी विचारलं.

"मीच. त्यांची सख्खी पुतणी. खरं तर त्यांच्या आधी माझे वडील काउंट होते. मी एकुलती एक, त्यामुळे पदवी काकांकडे गेली."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी चष्माच काढला. "थोरल्या घरची एकुलती एक मुलगी स्वतः जिवंत आहे, आणि ही ऑस्ट्रेलियात बस ड्रायव्हर शोधत बसली?"

भाषांतर करताना मी बस ड्रायव्हर गाळला. पण शेजाऱ्यांना तेवढा शब्द कळला होता. "सगळं सांग तिला," ते ओरडले.

मी सगळं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. इतक्या वर्षांत हे आपल्याला कुणी विचारलं नाही, असं त्या म्हणाल्या. वडील गेले तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. घरात सगळे वडीलधारे बसून बोलत होते, आणि त्यांना कॉफी आणायला पाठवलं होतं.

"तुम्ही अर्ज केला होता का?" बाबांचा पुढचा प्रश्न.

"नियम सगळ्यांना माहीत आहे. उपयोग काय?"

"नाही म्हणायचं असेल तर त्यांना तसं लेखी म्हणू दे," बाबा म्हणाले. मी ते जसंच्या तसं पोचवलं. बाईंनी कागद घेतला आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

बाबा साताऱ्याला परतले त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी फ्रान्सहून बाईंचा ईमेल आला. त्यांनी अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. चार ओळींचं सभ्य सरकारी उत्तर सोबत जोडलं होतं. शेजाऱ्यांनी त्याची प्रत आपल्या फ्रीजवर लावली, बहिणीच्या फोटोशेजारी. मी फोटो काढून बाबांना व्हॉट्सॲप केला.

पाचच मिनिटांत त्यांचा फोन. "जावक क्रमांक दिसत नाही नीट. आहे ना?"

"आहे, बाबा. वर उजवीकडे."

"सही-शिक्का?"

"आहे."

"हं. तिला विचार, अपील कुठे करायचं असतं. आणि मुदत किती आहे, तेही विचार. या कामात मुदत फार महत्त्वाची."