पाटीवर फक्त आकडे

मोटरसायकलची शर्यत करणारा माणूस घरात असला की कपड्यांवर डाग साठतात आणि घरात किस्से. डाग निदान सोड्याने निघतात. किस्से पाहुणे आले की आमचे हे रंगवून सांगतात आणि प्रत्येकात भित्री म्हणून मी असतेच. म्हटलं, यंदा आपणच सांगावेत.

आमची टीम म्हणजे कारखान्यातले दोघे. हे आठवडाभर इंजिनिअर, रविवारी रायडर. नागोजीअण्णा टूलरूममध्ये, इंजिन त्यांच्या ताब्यात. अण्णांचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी कधी शिरतं ते त्यांनाच कळत नाही. समोर मद्रासची टीम: स्वतःची व्हॅन, एकसारखे डगले. गावाबाहेरच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर दर हिवाळ्यात शर्यती होतात आणि चॅम्पियनशिपची ढाल दर हिवाळ्यात मद्रासला जाते. ढाल आपल्याकडे यावी असं मलाही वाटतं. हे धडधाकट घरी यावेत, असं त्याआधी वाटतं.

*

शर्यतीत गाडी बंद ठेवून उभं राहायचं, झेंडा पडला की ढकलत धावायचं आणि इंजिन पेटलं की उडी मारून बसायचं. याची प्रॅक्टिस हे सकाळी राजाजीनगरात, आमच्याच गल्लीत करत. गाडी सुरू झाली की लगेच बंद, पुन्हा ढकल. समोरचे रामय्या व्हरांड्यातून रोज बघत. शेवटी त्यांना राहवेना. धोतर खोचून आले आणि मागून असा जोर लावला की गाडी ह्यांना मागे टाकून पुढे गेली.

जाताना मला हळूच म्हणाले, "साहेब चांगले आहेत, अम्मा. गाडी विका."

*

शर्यतीच्या इंजिनाला एरंडेल लागतं, हे मला बी.ए. होऊनही माहीत नव्हतं. एकदा आदल्या दिवशीच अण्णांचा तेलाचा डबा गळून रिकामा झाला. ते दारात येऊन आमच्या लहानग्या मिनूची एरंडेलाची बाटली मागू लागले. मी विचारलं, इंजिनाचंही पोट दुखतं का?

"पोट साफ तर पळतंय, अक्का. लेकराचं काय, इंजिनाचं काय."

मिनूच्या बाटलीने भागेना, म्हणून अण्णा घरोघर फिरले. त्या रविवारी गल्लीतल्या एकाही मुलाला एरंडेल मिळालं नाही. सगळी पोरं धावपट्टीवर आली आणि घसा बसेपर्यंत आमच्याच गाडीसाठी ओरडली.

*

धावपट्टी सरळ, म्हणून कडेला गवताचे गठ्ठे रचून वळणं तयार करतात. एका वर्षी सगळे जेवायला गेले आणि शेजारच्या गावातल्या गाईंनी एक अख्खं वळण खाऊन टाकलं. मद्रासवाल्यांनी रीतसर तक्रार केली. पंच म्हणजे लष्करातले एक निवृत्त मेजर. त्यांनी गाईंकडे बघितलं, नियमांचं पुस्तक चाळलं आणि शर्यत सुरू केली. ह्यांना वळण दिसावं म्हणून अण्णा गठ्ठ्यांच्या जागी हात पसरून उभे राहिले. गाड्या त्यांच्या सदऱ्याला वारा घालत गेल्या.

भीती नाही वाटली का, असं मी नंतर विचारलं.

"आपल्या गाडीची नाही वाटली. बाकीच्यांची स्वल्प वाटली."

*

आता यंदाचं. शेवटच्या शर्यतीआधी आमचे आणि मद्रासचे गुण सारखे होते. जो पुढे येईल, त्याची ढाल.

धावत्या गाडीवर काही ऐकू येत नाही. म्हणून कडेला पाटी धरून रायडरला कितवा नंबर आणि किती फेऱ्या राहिल्या ते दाखवतात. माझं अक्षर मोठं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ह्यांनी बजावलं होतं, "पाटीवर फक्त आकडे. 'जपून' लिहायचं नाही."

मिनूला कडेवर घेऊन मी इमानाने आकडे लिहीत होते. हे दुसरे होते. मद्रासवाल्याच्या अगदी मागे, पण मागेच. फेऱ्या संपत आल्या. इंजिनात काही बिघडलंय का, असं मी अण्णांना विचारलं. अण्णा जरा घुटमळले.

"इंजिन सरी आहे, अक्का. तुमच्यासमोर आलं की दर फेरीला आवाज खाली येतोय. तुम्ही घाबरता म्हणून गाडी आवरतोय तो."

मी खडू धरून उभी राहिले. अण्णांनी पाठ फिरवली. म्हणाले, "लिवा काय लिवायचं ते. मी बघत नाही."

आवाज जवळ आला. मी आकडे पुसले, लिहिलं आणि पाटी डोक्यावर धरली. ह्यांची मान वळली. मग छाती टाकीला टेकली, आणि माझ्यासमोरून जाताना आवाज पहिल्यांदाच वर चढला.

शेवटच्या वळणावर हे बाहेरच्या बाजूने पुढे निघाले. ढाल राजाजीनगरात आली.

गाडी टेकवून हे आधी आमच्याकडे आले. गॉगलच्या कडेने धुळीची वर्तुळं उमटलेली. पाटी अजून माझ्या पायाशी होती. तीवर लिहिलं होतं, "गाठा त्याला."

"अण्णा," हे म्हणाले, "हिच्या हातातून पाटी का घेतलीत?"

"मी कशाला घेऊ? मी तर भिऊन पाठ करून उभा होतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मिनूच्या गालावरचा खडू पुसत होते.